व्याख्या ठरवायची कोणी? नर्सिंग संशोधनात तज्ज्ञांची सहमती, अगदी पहिल्यापासून

सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाली की पुण्यातल्या एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची एक ठरलेली धावपळ सुरू होते. टूल, म्हणजे मोजमापाची प्रश्नावली, छापायचे, फोल्डरात घालायचे, धनकवडीहून पिंपरीला आणि पिंपरीहून कॅम्पात फिरवायचे आणि दहा-बारा तज्ज्ञांकडून व्हॅलिडिटी सर्टिफिकेटवर सही-शिक्का आणायचा. प्रबंधाच्या शेवटी ही सर्टिफिकेटे ओळीने लागतात. कुठल्या तज्ज्ञाने कोणत्या वाक्याला हरकत घेतली, का घेतली आणि त्यावर विद्यार्थ्याने काय केले, हे मात्र बहुतेक प्रबंधांत शोधूनही सापडत नाही.

विषय हात धुण्याचा किंवा कॅथेटर केअरचा असेल तर एवढ्यावर भागते, कारण बरोबर काय आणि चूक काय हे आधीच लिहिलेले असते. पण ‘रुग्णाचा सन्मान’, ‘आराम’, ‘भावनिक आधार’, ‘नर्सच्या मनावरचा ताण’ असला विषय घेतला की टूलच्या आधी एक प्रश्न उभा राहतो. आपण मोजणार ते नेमके काय? ते तुम्ही एकट्याने ठरवलेत तर व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) परीक्षक विचारणारच, हे तुम्हाला कोणी सांगितले? सहमतीच्या पद्धती, म्हणजे जाणकारांना ठरलेल्या रीतीने विचारून एकमत कुठे होते ते शोधण्याच्या रीती, या प्रश्नासाठी आहेत. सही गोळा करणे आणि सहमती घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामात मतभेद हाच सगळ्यांत मोलाचा ऐवज असतो.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरू: जनरल वॉर्डात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला स्पंज देताना, बेडपॅन लावताना, कपडे बदलताना त्याचा सन्मान राखणे म्हणजे काय? उदाहरणातले गुण आणि माणसांची संख्या समजावण्यापुरती घेतली आहे.

गरज आहे का, हे आधी बघा

सहमतीचा अभ्यास हा वेळखाऊ प्रकार आहे. तुमच्या संकल्पनेची चांगली व्याख्या आणि तपासलेली मोजपट्टी आधीच असेल तर ती वापरण्याची परवानगी मागा आणि मोकळे व्हा. सन्मानाच्या बाबतीत कॅनडातल्या हार्वे चोचिनोव्ह यांच्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली २५ प्रश्नांची ‘पेशंट डिग्निटी इन्व्हेंटरी’ आहे. पण ती आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना सन्मानाशी निगडित कोणता त्रास होतो ते विचारते. आपल्याला हवी आहे नर्सच्या हातून घडणारी कृती. प्रश्न वेगळा आहे, माणसे वेगळी आहेत, म्हणून आपले काम शिल्लक राहते. हा एवढा परिच्छेद सिनॉप्सिसमध्ये लिहिता आला पाहिजे. लिहिता येत नसेल तर अजून वाचायचे राहिले आहे.

याच पायरीवर संकल्पनेला कुंपण घाला. ‘रुग्णालयातील सन्मान’ म्हटले तर बिलिंग काउंटरपासून शवागारापर्यंत सगळे त्यात येते. ‘जनरल वॉर्ड, प्रौढ रुग्ण, शुद्धीत असलेला, स्वतः उठू न शकणारा, शारीरिक शुश्रूषेची वेळ’ असे म्हटले की पॅनेलमधला प्रत्येक जण एकाच खाटेकडे बघून उत्तर देतो. हे न केल्यास एक जण आयसीयू मनात धरून गुण देतो, दुसरा प्रसूती कक्ष, आणि तुम्ही त्या दोघांची सरासरी काढत बसता.

कच्चा माल गोळा करा

तज्ज्ञांपुढे कोरा कागद ठेवता येतो. तज्ज्ञांना अनेक फेऱ्यांत विचारणाऱ्या डेल्फी पद्धतीच्या (ती पुढे येईलच) मूळ रूपात पहिली फेरी खुल्या प्रश्नाचीच असते. पण नवख्या संशोधकाला त्या फेरीत आलेली पानेच्या पाने चाळून वाक्ये काढणे जड जाते. म्हणून आधी स्वतः ४० ते ५० वाक्यांचा साठा तयार करावा आणि पहिल्या फेरीत ‘यात काय सुटले?’ असा खुला प्रश्न जोडावा, हे मला जास्त व्यवहार्य वाटते.

साठा दोन ठिकाणांहून येतो. एक, छापील संशोधन: पबमेड आणि सिनाहल हे लेखांचे ऑनलाइन साठे आणि भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा. संकल्पना विश्लेषणाची वॉकर आणि अ‍ॅव्हंट यांची आठ पायऱ्यांची रीत नर्सिंगमध्ये सर्वांना माहीत असते. तिच्यातले ठळक गुणधर्म, आदर्श उदाहरण आणि विरुद्ध उदाहरण हे भाग इथे फार कामी येतात. दोन, प्रत्यक्ष माणसे. सहा-सात नर्सेस आणि तितकेच घरी गेलेले रुग्ण किंवा त्यांचे नातेवाईक यांच्याशी मोकळे बोला. ‘तुमचा सन्मान राखला गेला का?’ असे विचारू नका, कोणीही ‘हो’ म्हणेल. ‘स्पंज देताना कधी संकोचल्यासारखे झाले का, तेव्हा काय चालले होते?’ असे विचारा. मग पुस्तकात नसलेली उत्तरे मिळतात: पडदा ओढला पण खिडकीकडची बाजू उघडीच राहिली, बेडपॅन लावून ठेवला आणि परत कोणी फिरकले नाही, माझ्या अंगावरून हात फिरत होता आणि दोघी सिस्टर ड्युटी चार्टबद्दल बोलत होत्या.

प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट ठेवा. ‘नर्सने पडदा ओढावा व रुग्णाला पूर्वसूचना द्यावी’ याला कोणी सहा गुण दिले तर ते पडद्याला की सूचनेला, हे कधीच कळणार नाही. ‘योग्य’, ‘पुरेसे’, ‘आदरपूर्वक’ हे शब्दही गाळा. ज्याची व्याख्या करायची आहे तेच तुम्ही वाक्यात घालून ठेवता. वाक्ये मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही भाषांत ठेवा, कारण पुण्याच्या रुग्णालयांत केरळहून आलेल्या नर्सेसही आहेत आणि त्यांना पॅनेलबाहेर ठेवणे चुकीचे ठरेल. भाषांतर एकाने करावे आणि उलट भाषांतर मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने.

तीन पद्धती, आणि कोणती घ्यावी

डेल्फी पद्धत अमेरिकेच्या रँड कॉर्पोरेशनमध्ये १९५० च्या दशकात घडली. नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला तो पहिला प्रयोग सोव्हिएत युद्धनियोजकाच्या नजरेतून अमेरिकेचे शस्त्रोत्पादन खिळखिळे करायला किती अणुबॉम्ब लागतील, याच्या अंदाजाचा होता. तिथून निघालेली पद्धत आज शुश्रूषेच्या अभ्यासात वापरली जाते, हे जरा गमतीचेच आहे. तिची चार लक्षणे पक्की लक्षात ठेवा: उत्तर देणाऱ्याचे नाव इतरांना कळत नाही, प्रश्न एकाहून अधिक फेऱ्यांत विचारले जातात, प्रत्येक फेरीनंतर गटाचे उत्तर सर्वांना कळवले जाते, आणि शेवटचे उत्तर संख्येत मांडले जाते. यातले एक जरी गळले तरी त्याला डेल्फी म्हणू नका. एकदाच गूगल फॉर्म पाठवला आणि सरासरी काढली, तर तो सर्व्हे झाला.

नॉमिनल ग्रुप टेक्निक १९७१ मध्ये डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांनी मांडली. आठ-दहा जण एका खोलीत बसतात, प्रत्येक जण आधी गप्प राहून आपले मुद्दे लिहितो, मग पाळीपाळीने एकेक मुद्दा फळ्यावर जातो, त्यावर खुलासे होतात आणि शेवटी प्रत्येक जण गुप्तपणे क्रम लावतो. दोन-अडीच तासांत काम संपते. अडचण अशी की मेट्रन आणि दोन वर्षे झालेली स्टाफ नर्स एका टेबलाशी बसल्या, तर गुप्त मतदान असूनही खुलाशाच्या वेळी कोण बोलणार हे आधीच ठरलेले असते. शिवाय तिन्ही शिफ्टमधली माणसे एका दुपारी एकत्र आणणे हे स्वतंत्र संकट.

तिसरी रँड आणि यूसीएलए यांची अप्रोप्रिएटनेस पद्धत. ती १९८० च्या दशकात कोणते उपचार कोणाला योग्य हे ठरवण्यासाठी आली. त्यात १ ते ९ गुण देतात. आधी घरी बसून, मग सभेत चर्चा करून पुन्हा. एकमत झालेच पाहिजे असा तिचा आग्रह नसतो, मतभेद असेल तर ‘मतभेद आहे’ अशी नोंद होते. हा प्रामाणिकपणा मला आवडतो, आणि म्हणून तिची ९ गुणांची पट्टी आणि मतभेदाची कसोटी आपण डेल्फीतही उसनी घेऊ.

पदव्युत्तर प्रबंधासाठी माझा सल्ला सरळ आहे: वरिष्ठ-कनिष्ठ एकाच पॅनेलमध्ये असतील तर डेल्फी, सगळे एकाच पातळीचे असतील आणि वेळ कमी असेल तर नॉमिनल ग्रुप.

पॅनेल: तज्ज्ञ कोणाला म्हणायचे

बहुतेक अभ्यास इथेच गडगडतात, म्हणून इथे जरा थांबू.

सवयीने आपण तज्ज्ञ म्हणजे प्राध्यापक धरतो: पीएच.डी., पंधरा वर्षांचा अनुभव, नावापुढे पद. औषधाच्या डोसबद्दल विचारायचे असेल तर ठीक आहे. पण सन्मान, वेदना, भीती या गोष्टी ज्याच्या वाट्याला येतात त्याला वगळून ठरवायच्या कशा? मार्गो मॅककॅफ्री या अमेरिकन नर्सने १९६८ मध्येच म्हणून ठेवले आहे की, अनुभवणारा जिला वेदना म्हणतो ती वेदना, आणि तो म्हणतो तेव्हा ती असते. नर्सिंगमध्ये ही व्याख्या शिकवली जाते, परीक्षेत लिहिली जाते, आणि पॅनेल निवडताना मात्र विसरली जाते.

आपल्या उदाहरणासाठी मी पॅनेल असे बांधेन. जनरल वॉर्डात रोज हे काम करणाऱ्या स्टाफ नर्सेस आणि इन्चार्ज सिस्टर, सरकारी आणि खाजगी दोन्हींकडच्या. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातला भरगच्च वॉर्ड आणि खाजगी रुग्णालयातला दोन खाटांमध्ये पडदे असलेला वॉर्ड यांत सन्मानाच्या अडचणी सारख्या नसतात. मेडिकल-सर्जिकल आणि कम्युनिटी हेल्थ नर्सिंगचे एक-दोन शिक्षक. पॅलिएटिव्ह केअरमधल्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या देखभालीतल्या नर्सेस, कारण खिळलेल्या रुग्णाची देखभाल हे त्यांचे रोजचे काम. वारज्यात १९९७ पासून सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, त्यामुळे पुण्यात असा अनुभव दुर्मिळ नाही. मग अंथरुणातून उठून घरी गेलेले रुग्ण आणि घरी महिनोन्‌महिने शुश्रूषा केलेले नातेवाईक. आणि वॉर्डातल्या मावशी आणि मामा.

शेवटच्या नावावर गाइड भुवया उंचावण्याची शक्यता आहे. पण बेडपॅन प्रत्यक्षात कोण लावते, हे वॉर्डात पाऊल टाकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या कृतीची व्याख्या करायची ती कृती करणारी व्यक्ती पॅनेलमध्ये नसेल, तर व्याख्या कागदावर सुंदर दिसेल आणि वॉर्डात कोणाच्याच ओळखीची नसेल. मावशींना फॉर्म भरायला लावू नका, शेजारी बसून वाचून दाखवा आणि त्या सांगतील तो आकडा लिहा. हे काम तुमच्याऐवजी त्यांच्या वॉर्डाशी संबंध नसलेल्या कोणी केले तर अधिक बरे.

रुग्णांबद्दल एक खबरदारी. सध्या दाखल असलेला रुग्ण पॅनेलमध्ये घेऊ नका. रात्री बेडपॅन ज्यांच्याकडून हवा आहे त्यांच्याबद्दल तो वाईट बोलणार नाही, त्याचे सगळे गुण नऊच येतील. घरी जाऊन काही आठवडे झालेला माणूस मोकळेपणाने बोलतो.

संख्या किती? डेल्फीला ठरलेला आकडा नाही. दहा ते अठरा हा वारंवार सांगितला जाणारा पल्ला आहे. गट इतके वेगवेगळे असतील तर मी १८ ते २० जणांना बोलावेन, म्हणजे गळती होऊनही प्रत्येक गटातले दोन-तीन जण शिल्लक राहतील. निवडीचे निकष आधी लिहा. ‘सोयीने मिळाले’ हा निकष नाही, आणि तुमच्या गाइडच्या चार मैत्रिणी हे पॅनेल नाही.

एथिक्स कमिटी आणि आधी ठरवायचे नियम

‘फक्त तज्ज्ञांचे मत घेतोय, त्याला कशाला एथिक्स?’ हा गैरसमज फार पसरलेला आहे. पॅनेलमधली माणसे तुमच्या अभ्यासातली सहभागी माणसे आहेत. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे त्यांनाही लागू होतात, आणि तुमच्या पॅनेलमध्ये तर माजी रुग्ण आहेत. संमतीपत्र, माहितीपत्रक आणि ज्या रुग्णालयांतली माणसे घ्यायची त्या प्रत्येकाची परवानगी, हे सगळे आधी.

प्रोटोकॉलमध्ये सहमती म्हणजे काय हे पहिला फॉर्म जाण्याआधी लिहा. उत्तरे पाहिल्यावर रेष आखली की ती आपोआप आवडत्या वाक्यांच्या खालून जाते. डेल्फी अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टक्केवारी हाच सहमतीचा सर्वाधिक वापरलेला मापदंड आढळला, आणि त्या टक्केवारीचा मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी किंमत) ७५ होता. ७५ हा काही निसर्गनियम नाही, पण त्याचे समर्थन देता येते. आपला नियम असा ठेवू: किमान ७५ टक्के जणांनी ७ ते ९ गुण दिले आणि १ ते ३ देणारे १५ टक्क्यांहून जास्त नसले, तर वाक्य आत. ७५ टक्के जणांनी १ ते ३ दिले तर बाहेर. उरलेली पुढच्या फेरीत. जास्तीत जास्त तीन फेऱ्या, आणि तिसरीनंतर जे अधांतरी राहील ते ‘सहमती नाही’ म्हणून छापायचे.

फेऱ्या चालवताना

प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक द्या. कोणता क्रमांक कोणाचा ही यादी फक्त तुमच्याकडे, कुलपात किंवा पासवर्डखाली. आठवण करून देण्यासाठी ती तुम्हाला लागणार, म्हणजे गुप्तता पूर्ण नाही, इतरांपुरती आहे. संमतीपत्रात हे स्पष्ट लिहा. गूगल फॉर्म वापरत असाल तर उत्तर देणाऱ्यांना निकालाचा गोषवारा दाखवण्याची सोय बंद आहे ना, ते तपासा. ती चालू राहिली तर दुसरा येणारा पहिल्याची उत्तरे बघून गुण देईल.

आणि कृपा करून पॅनेलचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका. सोयीचा वाटतो, पण ज्या क्षणी एका प्राचार्यांचे ‘नाइस वर्क, ऑल द बेस्ट’ सगळ्यांना दिसते त्या क्षणी कोण कोण आहे हे सगळ्यांना कळते, आणि पद्धतीचा पायाच निघून जातो. आठवण एकेकट्याला पाठवा. पुण्याचे नर्सिंगचे जग लहान आहे, अर्धे लोक अर्ध्यांचे विद्यार्थी आहेत. म्हणून मोकळ्या शेऱ्यांतली भाषाही थोडी समतल करून पुढे पाठवावी, नाहीतर वाक्याच्या वळणावरून माणूस ओळखू येतो. आशयाला हात लावायचा नाही.

वेळापत्रक कॅलेंडर समोर ठेवून आखा. एक फेरी म्हणजे दोन आठवडे उत्तरांना, एक आठवडा मागे लागायला, एक आठवडा आकडेमोडीला. पालख्या शहरात असताना, गणपतीच्या दहा दिवसांत, दिवाळीत आणि विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलच्या काळात फेरी उघडू नका, कारण तेव्हा नर्सेस एक तर जादा ड्युटीवर असतात किंवा रजेवर.

दुसऱ्या फेरीच्या फॉर्मवर प्रत्येक वाक्याखाली तीन गोष्टी द्या: तुम्ही मागच्या वेळी दिलेले गुण, गटाने दिलेल्या गुणांची विभागणी आणि दोन्ही बाजूंची कारणे. नुसता मध्यक दिला तर लोक मुकाट्याने त्याच्याकडे सरकतात. कारणे दिली तर विचार करून सरकतात, किंवा सरकत नाहीत. मत बदलणाऱ्याला आणि न बदलणाऱ्यालाही ‘का’ एवढे एका ओळीत विचारा.

आकडे कसे वाचायचे

समजा वाक्य असे आहे: ‘वयस्कर रुग्णाला आजी किंवा आजोबा म्हणून हाक मारणे हा सन्मान राखण्याचा भाग आहे.’ बारा जणांचे गुण लहानापासून मोठ्याकडे मांडले: १, २, २, ३, ७, ८, ८, ८, ८, ९, ९, ९. मध्यक आला ८. तेवढाच पाहणारा संशोधक वाक्य स्वीकारून पुढे जाईल. पण ७ ते ९ देणारे आहेत ८, म्हणजे ६७ टक्के, आणि १ ते ३ देणारे ४, म्हणजे ३३ टक्के. ४, ५, ६ वर एकही माणूस नाही. चतुर्थकांतील अंतर (मधल्या निम्म्या गुणांचा पल्ला) २.५ पासून ८.५ पर्यंत, म्हणजे ६. रँड-यूसीएलए कसोटीत ११ ते १३ जणांच्या पॅनेलमध्ये दोन्ही टोकांना किमान चार-चार जण असतील तर तो मतभेद धरतात. तो इथे तंतोतंत आहे.

आता कोण कुठे आहे ते पहा. समजा, वरचे आठ जण बहुतेक नर्सेस आहेत आणि खालचे चार जण माजी रुग्ण आणि नातेवाईक. नर्सच्या दृष्टीने ‘आजी’ ही माया आहे. चाळीस वर्षे शाळेत शिकवलेल्या आणि आयुष्यभर ‘बाई’ म्हणवून घेतलेल्या सदाशिव पेठेतल्या स्त्रीला चोवीस वर्षांच्या मुलीने परवानगीशिवाय आजी म्हणणे खटकू शकते. हे वाक्य दुसऱ्या फेरीत पुन्हा पुन्हा ढकलून ७५ टक्के गाठणे म्हणजे चौघांना दमवून गप्प करणे. त्यापेक्षा मतभेदातून नवे वाक्य काढा: ‘दाखल होताना रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल हे विचारून त्याची नोंद ठेवणे.’ यावर दोन्ही बाजू एकत्र येऊ शकतात, आणि हे वाक्य वॉर्डात तपासताही येते. सहमतीच्या अभ्यासातले सगळ्यांत चांगले वाक्य बहुधा असेच भांडणातून निघते.

गळतीवर डोळा ठेवा. एखाद्या दुसऱ्या वाक्याला पहिल्या फेरीत १६ पैकी ११ जणांनी ७ ते ९ दिले, म्हणजे ६९ टक्के. दुसऱ्या फेरीत चौघे आले नाहीत. त्यांतल्या तिघांनी आधी कमी गुण दिले होते, एकाने जास्त. बाकी कोणीच मत बदलले नाही, तरी आता १२ पैकी १०, म्हणजे ८३ टक्के. सहमती झाली, पण कोणाचे मन वळून नव्हे, विरोधक कंटाळून गेले म्हणून. म्हणून दोन्ही फेऱ्यांत असलेल्या माणसांचीच तुलना वेगळ्या तक्त्यात द्या आणि गळालेले कोण होते ते गटवार सांगा.

केंडॉलचा डब्ल्यू (लावलेले क्रम एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) वगैरे संख्याशास्त्रज्ञ सुचवतील. पॅनेलने वाक्यांचा क्रम लावला असेल तर तो काढावा, नाहीतर सोडून द्यावा.

वाक्यांपासून व्याख्येकडे

टिकलेली वाक्ये एकाखाली एक लिहिली म्हणजे व्याख्या होत नाही. एकाच गोष्टीबद्दलची वाक्ये एकत्र करा, प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्या आणि मग दोन-तीन ओळींत मांडा. आपल्या उदाहरणात ती काहीशी अशी होईल: ‘शारीरिक शुश्रूषेतील सन्मान म्हणजे काय करणार हे आधी सांगून रुग्णाची संमती घेणे, शरीराचा गरजेपुरताच भाग गरजेपुरत्याच वेळासाठी उघडा करणे, रुग्णाला त्याने सांगितलेल्या नावाने संबोधणे, आणि शुश्रूषा चालू असताना त्याला वगळून त्याच्यासमोर बोलणे टाळणे.’ बघा, यात ‘आदर’ हा शब्द नाही आणि प्रत्येक तुकडा खाटेशेजारी उभे राहून पाहता येतो. काय बाहेर राहिले तेही लिहा. ‘हसतमुख असणे’ पॅनेलने नाकारले असेल तर ते का, हे वाचणाऱ्याला हवे असते.

ही मांडणी पॅनेलकडे शेवटची एकदा पाठवा. वाक्यांना होकार दिलेल्या माणसांना जोडलेली व्याख्या मान्य असतेच असे नाही. त्यानंतर पॅनेलमध्ये नसलेल्या दोन-तीन रुग्णांना ती वाचून दाखवा आणि त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा.

आता टूल, आणि आता ते सर्टिफिकेट

व्याख्या हाती आल्यावर टूलचे प्रश्न लिहायचे आणि मग आशय-वैधता, म्हणजे प्रश्न व्याख्येला धरून आहेत का, ते तपासायचे. इथे वेगळे तज्ज्ञ घ्या, कारण डेल्फीच्या पॅनेलला स्वतःचेच लेकरू तपासायला देणे बरे नाही. प्रत्येक प्रश्नाला सुसंगततेसाठी १ ते ४ गुण मागा. ३ किंवा ४ देणाऱ्यांचे प्रमाण म्हणजे त्या प्रश्नाचा सीव्हीआय, आशय-वैधता निर्देशांक. तज्ज्ञ सहा किंवा जास्त असतील तर ०.७८ ही किमान पातळी धरतात, आणि पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचा होकार लागतो. पूर्ण टूलची सरासरी ०.९० किंवा वर असावी.

लॉशे यांचे १९७५ चे आशय-वैधता गुणोत्तर, सीव्हीआर, हे वेगळे प्रकरण आहे. त्यात ‘अत्यावश्यक’ म्हणणाऱ्यांचीच मोजणी होते. दहापैकी आठ जणांचा होकार असेल तर सीव्हीआय येतो ०.८०, म्हणजे पास. तेवढ्याच आठ जणांनी ‘अत्यावश्यक’ म्हटले तर सीव्हीआर येतो ०.६०, आणि दहा तज्ज्ञांसाठी लॉशे यांच्या तक्त्यातली किमान मर्यादा ०.६२, म्हणजे नापास. म्हणून कोणता निर्देशांक वापरणार हे आधी लिहायचे, दोन्ही काढून बरा दिसेल तो छापायचा नाही. सर्टिफिकेटे परिशिष्टात लावायला हरकत नाही, विद्यापीठाला हवीच असतात. त्यांच्याआधी प्रत्येक प्रश्नाचे गुण, हरकती आणि केलेला बदल यांचा तक्ता लावा.

तज्ज्ञ सहमत झाले म्हणजे टूल विश्वासार्ह झाले असे होत नाही. पायलट (छोट्या गटावरची आधीची चाचणी), अंतर्गत सुसंगती (टूलमधले प्रश्न एकमेकांशी जुळतात का), दोन निरीक्षकांतली जुळणी हे सगळे अजून बाकी असते. चर्चेच्या प्रकरणात ‘सिद्ध झाले’ असे लिहू नका. ‘या पॅनेलने, या निकषांवर, एवढ्यावर सहमती दर्शवली’ एवढेच लिहा.

अहवाल लिहिताना पॅलिएटिव्ह केअरमधल्या डेल्फी अभ्यासांसाठी २०१७ मध्ये आलेली ‘क्रेडेस’ आणि सर्व सहमती पद्धतींसाठी २०२४ मध्ये आलेली ‘अ‍ॅकॉर्ड’ या अहवालात काय हवे ते सांगणाऱ्या दोन याद्यांपैकी एक शेजारी उघडी ठेवा. पॅनेल कसे निवडले, किती जणांना बोलावले आणि किती आले, प्रत्येक फेरीत काय बदलले, सहमतीचा नियम कधी ठरला, हे त्या मागतात. फेऱ्या चालू असताना रोजच्या रोज नोंद ठेवलीत तर हे प्रकरण दोन दिवसांत उतरते. शेवटी आठवणीतून लिहायला बसलात तर महिना जातो आणि तरी दुसऱ्या फेरीत सतरावे वाक्य का बदलले ते आठवत नाही.

आभाराच्या पानावर पॅनेलमधली नावे छापायची असतील तर प्रत्येकाची लेखी परवानगी वेगळी घ्या, आणि ती शेवटची फेरी बंद झाल्यावरच मागा. प्राचार्य बहुधा ‘हो’ म्हणतील. स्टाफ नर्स किंवा मावशी ‘नको’ म्हणाल्या तर कारण विचारू नका, आणि त्यांच्या वॉर्डाचे नावही छापू नका.